गेटवरची पाटी वाचूया : मुंबईच्या सहकारी घरांची गोष्ट



अन्न, वस्त्र, निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, हे वाक्य आपली मुलं अगदी तालासुरात म्हणतात. अन्न कुठून येतं हे आपण त्यांना शेतापासून ताटापर्यंत शिकवतो. वस्त्र कसं तयार होतं हे कापसापासून कपड्यापर्यंत सांगतो. निवारा मात्र ‘घराचे प्रकार’ या तक्त्यावर येऊन थांबतो. कौलारू घर, झोपडी, बंगला, इमारत. चित्रं चिकटवली की पाठ संपला!

पण मुंबईसारख्या शहरात साध्या पगाराच्या माणसाला घर मिळालं तरी कसं? आणि आता मिळत का नाही? हा प्रश्न मुलांच्याही कानावर रोज पडत असतो. "आपण बदलापूरला जाणार", "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली", "बिल्डरने भाडं थांबवलं" अशी वाक्यं ती घरी ऐकतात. म्हणून आजचा पाठ मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाच्या इतिहासावर घेतला आहे. साहित्य फार लागत नाही. कुठल्याही इमारतीच्या गेटवरची पाटी पुरेशी आहे.

१. पाटीवरचे चार शब्द

पाटीवर आधी नाव असतं, ‘आशीर्वाद’, ‘शिवनेरी’, ‘गुलमोहर’ असं काहीतरी. त्यानंतर चार शब्द जवळपास सगळीकडे सारखेच असतात : सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. मुलं हे रोज वाचतात, पण अर्थ विचारला की गडबडतात. मोठ्यांचंही फारसं वेगळं नसतं.

सहकारी म्हणजे सगळ्यांनी मिळून चालवलेली. इथे ‘एक सभासद, एक मत’ हा नियम असतो. ज्याचं घर मोठं त्याला दोन मतं, असं इथे चालत नाही. तळमजल्यावरचं एका खोलीचं घर आणि वरचं तीन खोल्यांचं घर, सर्वसाधारण सभेत दोघांची किंमत सारखीच.

गृहनिर्माण म्हणजे घर बांधणे. हा शब्द मुलांना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, कारण पुढे आपल्याला याच शब्दाकडे परत यायचं आहे.

संस्था म्हणजे कायद्याने नोंदलेली मंडळी. तिची नोंद सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे होते. कायद्याच्या नजरेत संस्था ही स्वतंत्र व्यक्तीसारखी असते. ती जमीन घेऊ शकते, कर्ज काढू शकते, कोर्टात जाऊ शकते.

मर्यादित म्हणजे सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित. घरी जुनं शेअर सर्टिफिकेट असेल तर काढून बघा. पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण २५० रुपये, असं पुष्कळ जुन्या सर्टिफिकेटांवर दिसेल. ज्या घरावर सगळं आयुष्य खर्ची पडलं, त्याचा कागद अडीचशे रुपयांचा! मुलांना याची फार गंमत वाटते.

पाटीवर बारीक अक्षरात नोंदणी क्रमांकही असतो. त्यात ‘एचएसजी’ ही अक्षरं हाउसिंगची. ‘टीसी’ असेल तर ते टेनंट को-पार्टनरशिपचं संक्षिप्त रूप. म्हणजे इमारतीची मालक संस्था, आणि सभासद तिच्यातले भागीदार-भाडेकरू. पुढे नोंदणीचं वर्षही पुष्कळदा असतं. शाळेच्या रस्त्यावरच्या दहा पाट्यांवरची वर्षं मुलांनी लिहून आणली आणि चढत्या क्रमाने मांडली, तर आपला भाग कसा वाढत गेला याची कालरेषा वर्गातच तयार होते.

२. आधी एक गणित

इतिहासात शिरण्याआधी हे छोटं काल्पनिक गणित सोडवा. आकडे सोपे घेतले आहेत.

२० कुटुंबांना घरं हवी आहेत. जमिनीची किंमत ४ लाख, बांधकामाचा खर्च ६ लाख. एकूण १० लाख. प्रत्येक घर पडलं ५० हजारांना.

आता हीच इमारत एका व्यापाऱ्याने बांधली आणि वर २ लाख नफा घेतला. एकूण झाले १२ लाख, म्हणजे प्रत्येक घर ६० हजारांना. सहकारामुळे दर घरामागे १० हजार वाचले.

तिसरी पायरी. नफा शून्यच ठेवा, पण जमिनीचा भाव दहापट करा. जमीन ४० लाख, बांधकाम ६ लाख, एकूण ४६ लाख. प्रत्येक घर २ लाख ३० हजारांना!

मुलांना विचारा, घर जास्त कशामुळे महागलं? उत्तर लगेच येतं : जमिनीमुळे. सहकाराने मधला नफा वाचतो, जमिनीचा भाव मात्र सहकाराच्या हातात नसतो. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की मुंबईचा शंभर वर्षांचा इतिहास उलगडत जातो. जेव्हा जेव्हा इथे सामान्य माणसाला सहकारातून परवडणारं घर मिळालं, तेव्हा बहुतेक वेळा जमीन बाजारभावाबाहेर मिळवून देणारं कुणीतरी होतं.

३. प्लेग, ट्रस्ट आणि चाळी

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. गिरण्यांमुळे शहर भरून गेलं होतं. एकेका अंधाऱ्या खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती, हवा-उजेडाचा पत्ता नव्हता. साथ सगळ्यात जास्त पसरली ती अशाच दाट वस्त्यांत. हजारो लोक शहर सोडून गेले आणि गिरण्यांना माणसं मिळेनात. मग सरकारला घरांची आठवण झाली.

१८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नवी जमीन आखून तिचे भूखंड पाडणे, ही त्याची कामं. आजचा मोहम्मद अली रोड, गावदेवी, दादर-माटुंगा हे भाग ट्रस्टच्या योजनांतून घडले. ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. त्यांना आजही ‘बीआयटी चाळ’ म्हणतात. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहत होते, हे मुलांना आवर्जून सांगा. घराचा इतिहास त्यांना लगेच जवळचा वाटतो.

ट्रस्टने जितकी घरं पाडली, त्या मानाने गरिबांसाठी बांधलेली कमी पडली. पण एक गोष्ट घडली. आखीव भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळू लागले. म्हणजे जमीन विकत न घेता, वार्षिक भाडं भरून तिच्यावर घर बांधता येऊ लागलं.

४. गावदेवी, १९१५

भारतात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली आला. तो फक्त पतसंस्थांसाठी होता, म्हणजे मिळून पैसे साठवा आणि गरजूला कर्ज द्या. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची मोकळीक मिळाली. आणि अवघ्या तीन वर्षांत मुंबईत सहकारी घरांचा प्रयोग उभा राहिला.

तो करणारे होते रावबहादूर श्रीपाद सुबराव तालमकी. कारवार-कानडा भागातून मुंबईला नोकरीसाठी आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातले ते. ही मंडळी कारकून, शिक्षक, वकील अशी पांढरपेशी. पगार बेताचा, भाडं वाढतं आणि घरमालकाची मर्जी सांभाळणं रोजचं. तालमकींनी १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी बँक सुरू केली होती. थोडे थोडे पैसे एकत्र आले की काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. १९१५ मध्ये गावदेवीला ‘सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था’ नोंदली गेली. ही देशातल्या पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक मानली जाते. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचं नाव सांगते.

इथली पद्धत मुलांना नीट समजावून द्या. इमारत संस्थेची. सभासद भाग घेतो, काही रक्कम भरतो आणि संस्थेचा भाडेकरू म्हणून राहतो. पण ही संस्था त्याचीच, म्हणजे भाडेकरूही तोच आणि मालकांपैकी एकही तोच! भाडं वाढवायचं की नाही हे सभेत ठरणार, आणि सभेत त्याला मत आहे. घर सोडायचं तर ते संस्थेकडे परत जाणार. घर विकून फायदा कमवायची कल्पनाच त्यात नव्हती. घर हे राहण्यासाठी आहे, व्यापारासाठी नाही, हा विचार नियमातच घातलेला होता.

५. कुणाला मिळालं, कुणाला नाही

प्रयोग यशस्वी झाला आणि इतरांनीही तो उचलला. १९१८ मध्ये वांद्र्याला ‘साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था’ निघाली. पुढच्या दोन दशकांत दादर, माटुंगा, खार, विलेपार्ले अशा उपनगरी भागांत सोसायट्या उभ्या राहू लागल्या. १९२५ मध्ये मुंबई प्रांताचा स्वतंत्र सहकारी कायदाही झाला.

मात्र इथे थांबून मुलांना एक प्रश्न विचारायला हवा. या सोसायट्यांमध्ये कोण होतं? बहुतेक ठिकाणी एकाच जातीची, एकाच धर्माची किंवा एकाच भाषेची माणसं. याचं एक कारण समजण्यासारखं आहे. मिळून कर्ज काढायचं तर एकमेकांवर विश्वास हवा, आणि परक्या शहरात विश्वास ओळखीतूनच येतो. पण ज्यांच्याकडे महिना पगार नव्हता आणि ज्यांना समाजाने आधीच बाहेर ठेवलं होतं, त्यांच्यासाठी हे दार बंदच राहिलं. मिळून घर बांधणाऱ्यांनी कुंपणही मिळूनच घातलं, असं म्हणावं लागतं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. सभासदत्व सर्वांना खुलं, हे सहकाराचं मूळ तत्त्व. तरी २००५ साली अहमदाबादमधल्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध मानला. आणि आजही आडनाव विचारून, स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारून घर नाकारल्याच्या तक्रारी आपण ऐकतोच. वर्गात समतेचा पाठ शिकवताना हे उदाहरण टाळू नका.

मग गिरणी कामगारांचं काय? त्यांच्यासाठी सरकारने १९२० नंतर ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’मार्फत चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती. खर्चासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर लावला होता. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता, बांधून झाल्या सुमारे १६ हजार. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. मुलांना वर्गाच्या फरशीवर खडूने १६ फूट बाय १० फूट चौकोन आखून त्यात सहा-सात जणांना बसायला सांगा. मग विचारा, अभ्यास कुठे कराल? झोपाल कुठे? पुस्तकात हे कळणार नाही, ते त्या चौकोनात कळतं.

६. भाडं गोठलं, सरकार उतरलं

दुसऱ्या महायुद्धात घरटंचाई वाढली आणि १९४७ मध्ये भाडे नियंत्रण कायदा आला. जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. भाडेकरूंना मोठा आधार मिळाला, त्यामुळेच गिरगाव-लालबागमध्ये सामान्य माणूस टिकला. दुसऱ्या बाजूला मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. भाड्याने द्यायला नवी इमारत बांधणं परवडेना. ‘पागडी’ घेऊन खोली देण्याची पद्धत रुजली. आता घर हवं तर स्वतःचं घ्यायला हवं, अशी परिस्थिती आली.

या काळात सरकार तीन बाजूंनी उतरलं. एक म्हणजे १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेलं गृहनिर्माण मंडळ. विक्रोळीचं कन्नमवार नगर आणि टागोर नगर, घाटकोपरचं पंतनगर, चेंबूरचं टिळक नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, काळाचौकीचं अभ्युदय नगर, गोरेगावचं मोतीलाल नगर या मंडळाच्या वसाहती. १९७७ मध्ये यातूनच म्हाडा झालं. सुरुवातीला भाड्याने दिलेली यातली पुष्कळ घरं पुढे रहिवाशांच्या नावावर झाली आणि त्यांच्या सहकारी संस्था बनल्या.

दुसरी बाजू कर्जाची. राज्य सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळ संस्थांना दीर्घ मुदतीचं कर्ज देत असे. इथे ‘संस्थांना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकट्या कारकुनाला किंवा शिक्षकाला कर्ज मिळणं कठीण होतं, पण वीस जणांच्या संस्थेला मिळत होतं.

तिसरी बाजू जमिनीची. सरकारी कर्मचारी, शिक्षक, पत्रकार, कलावंत यांच्या संस्थांना वेगवेगळ्या ठिकाणी सवलतीच्या दरात जमिनी दिल्या गेल्या. वांद्रे पूर्वेची ‘साहित्य सहवास’ ही मराठी लेखकांची सोसायटी आपल्याला माहीत असते. विंदा करंदीकर तिथे राहत. कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरही तिथलेच, आणि त्यांचा मुलगा सचिन त्याच आवारात खेळत मोठा झाला. मुलांना हे सांगून बघा, सगळा वर्ग कान टवकारतो! प्राध्यापकाच्या पगारात मुंबईत आवार असलेलं घर त्या काळी मिळू शकत होतं, हा या गोष्टीतला खरा मुद्दा आहे.

७. गृहनिर्माण गेलं, संस्था राहिली

१९६० साली महाराष्ट्र झाला आणि ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ आला. आजही सोसायट्या याच कायद्याने चालतात. २०१९ पासून त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

त्याच सुमारास बिल्डर हा नवा माणूस आला. तो जमीन घेणार, इमारत बांधणार आणि एकेक फ्लॅट विकणार. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या म्हणून १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. त्याचं प्रचलित नाव मोफा. या कायद्याने बिल्डरवर बंधन घातलं की फ्लॅट घेणाऱ्यांची सहकारी संस्था नोंदवून द्यायची आणि त्यानंतर, वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, चार महिन्यांत जमीन-इमारत संस्थेच्या नावावर करून द्यायची.

कायदा ग्राहकाच्या रक्षणासाठीच होता. पण आता फळ्यावरच्या ‘गृहनिर्माण’ या शब्दाकडे परत बघा. १९१५ मध्ये आधी माणसं एकत्र आली, मग संस्था झाली, मग इमारत. आता आधी इमारत, मग ग्राहक, आणि सगळ्यात शेवटी संस्था. जमीन कुठली, भाव किती, नफा किती, हे सगळं ठरून गेल्यावर सभासद एकमेकांना पहिल्यांदा भेटतात! म्हणजे संस्थेने घर बांधलेलंच नसतं. तिच्याकडे उरतं पाण्याची टाकी, लिफ्ट, वॉचमन आणि मेंटेनन्सचं बिल.

कर्जाचंही तसंच झालं. १९७७ मध्ये एचडीएफसी आली, पुढे बँका उतरल्या आणि गृहकर्ज संस्थेऐवजी व्यक्तीला मिळू लागलं. सोय झाली हे खरं. पण पैसे जमवण्यासाठी शेजाऱ्यांनी एकत्र यायची गरज संपली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, आणि तरीही शिक्षकाच्या पगारात मुंबईत घर येत नाही. आपण केलेल्या गणितातली तिसरी पायरी ती हीच.

८. दिंडोशीचा अपवाद

या काळातही एक मोठा प्रयत्न झाला, तो प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत कुणाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल, तर जादा जमीन सरकार घेऊ शकेल आणि ती घरांसाठी वापरता येईल, असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात सवलतींचे मार्ग निघाले आणि फार थोडी जमीन सामान्यांपर्यंत पोहोचली.

‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. कायदा आहे ना? मग ती जमीन द्या, आम्ही सहकारी पद्धतीने घरं बांधतो. मोर्चे, निवेदनं, न्यायालयीन लढाई असं सगळं झालं. अखेर गोरेगावच्या दिंडोशी भागात सुमारे ६२ एकर जमिनीवर सहा हजारांच्या आसपास घरं उभी राहिली. ती मिळाली कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना. दिंडोशीला ‘नागरी निवारा’ हे वसाहतीचं नाव आजही कायम आहे.

जमीन, कर्ज आणि विनानफा बांधकाम या तिन्ही गोष्टी जुळल्या तर विसाव्या शतकाच्या शेवटीही हे शक्य होतं, हे दिंडोशीने दाखवलं. कमाल धारणा कायदा मात्र महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला.

९. आजचे प्रश्न

१९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजना आहे. तिच्यातही रहिवाशांनी आधी सहकारी संस्था करायची असते. ठराविक टक्के रहिवाशांची संमती लागते, पूर्वी ७० टक्के, आता ५१ टक्के. विनामूल्य घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, पुढे २६९, नंतर ३०० झालं. कागदावर संस्था रहिवाशांची. पण बिल्डर कोण नेमायचा, इमारत किती उंच, मुलांना खेळायला जागा किती, हे सभेत खरंच ठरतं का? ज्या संस्थेचे सभासद सभेला जातात आणि कागद वाचतात तिथे ठरतं. बाकी ठिकाणी सह्या होतात.

दुसरा प्रश्न कन्व्हेयन्सचा, सरकारी भाषेत अभिहस्तांतरणाचा. अनेक सोसायट्यांची जमीन अजून बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. २००८ मध्ये कायदा बदलून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आलं. बिल्डरने टाळाटाळ केली तरी संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जमीन नावावर करून घेता येते. पालकहो, आपल्या सोसायटीचं हे काम झालंय का, एवढं या रविवारी सेक्रेटरींना विचारा.

आणि हे का विचारायचं? कारण जमीन नावावर असलेली जुनी सोसायटी आज स्वयंपुनर्विकास करू शकते. बिल्डरला न बोलावता संस्थेनेच वास्तुविशारद आणि कंत्राटदार नेमायचा, कर्ज काढायचं, जादा घरं विकून खर्च भागवायचा आणि उरलेला फायदा सभासदांत ठेवायचा. २०१९ मध्ये राज्य सरकारने यासाठी सवलतींचा निर्णय काढला. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जही देऊ केलं. काम सोपं नाही. वेळ लागतो, भांडणं होतात, हिशोब चोख ठेवावा लागतो. पण इथे जमीन सभासदांची आहे, संस्था आधी आहे आणि इमारत नंतर येणार आहे. म्हणजे ‘गृहनिर्माण’ हा शब्द पाटीवर पुन्हा खरा होतो.

१०. वर्गात काय घ्याल?

१. मेंटेनन्स बिलाचं गणित : एका सोसायटीत २० घरं. वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज यांचा महिन्याचा खर्च ३० हजार. सेवाशुल्क सर्व घरांना समान, म्हणजे प्रत्येकी १,५०० रुपये. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. एका घराचा बांधकाम खर्च १२ लाख धरला तर महिन्याला किती? (उत्तर : २५० आणि ७५० रुपये.) शेकडेवारी शिकवायला याहून जिवंत उदाहरण कुठे मिळणार?

२. सर्वसाधारण सभा : वर्गाची संस्था करा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडा. विषय द्या, ‘गच्ची मुलांना खेळायला द्यावी का?’ प्रत्येकाने बोलायचं, मग मतदान, मग सचिवाने इतिवृत्त लिहायचं. आणि हो, हरलेल्या बाजूनेही निर्णय पाळायचा!

३. आजी-आजोबांची मुलाखत : तुम्ही पहिल्यांदा कुठल्या घरात राहिलात? भाडं किती होतं? नळ किती घरांत मिळून होता? हे घर कसं मिळालं?

४. पाटीवाचन : वर सांगितल्याप्रमाणे कालरेषा.

एक सूचना मनापासून करते. आपल्या एकाच वर्गात टॉवरमधली, चाळीतली, वस्तीतली आणि संक्रमण शिबिरातली मुलं शेजारी शेजारी बसतात. ‘तुझं घर किती मोठं?’ हा प्रश्न या पाठात नको. ‘तुझं घर कसं मिळालं?’ हा प्रश्न हवा. पहिल्या प्रश्नाने काही माना खाली जातात. दुसऱ्याचं उत्तर मात्र प्रत्येकाकडे असतं. कुणाच्या आजोबांनी चाळीतली खोली टिकवली, कुणाच्या आईने वस्तीच्या संस्थेत सही करण्याआधी कागद वाचून दाखवायचा हट्ट धरला. हीसुद्धा गृहनिर्माणाचीच गोष्ट आहे.

शामराव विठ्ठल बँकेत थोडे थोडे पैसे जमवणारे ते कारकून काही श्रीमंत नव्हते. त्यांना सभेत बसता येत होतं, हिशोब वाचता येत होता आणि एकमेकांवर विश्वास टाकता येत होता. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपण चौथीच्या वर्गात नक्की शिकवू शकतो. तिसरी, वर्गात कोण कुणाच्या शेजारी बसतं यावर बरीच अवलंबून आहे.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी आणलेली सगळ्यात जुनी पाटी कुठल्या सालची निघाली, तेवढं नक्की कळवा.